स्वलेखनाचे मुद्रितशोधन

स्वलेखनाचे मुद्रितशोधन म्हणजे लेखकाने स्वतः लिहिलेला मजकूर प्रसिद्ध होण्यापूर्वी स्वतःच तपासून त्यातील चुका शोधणे व दुरुस्त करणे. दुसऱ्याच्या लेखनातील चूक सहज दिसते, पण तशीच चूक स्वतःच्या लेखनात अनेक वाचनांनंतरही नजरेतून सुटते, हा अनुभव लेखक, पत्रकार, विद्यार्थी आणि कार्यालयीन कर्मचारी या सर्वांना येतो. हा निष्काळजीपणाचा किंवा भाषेच्या अज्ञानाचा परिणाम मानला जातो. वाचनप्रक्रियेवरील संशोधनातून मात्र त्याचे मुख्य कारण वेगळे असल्याचे दिसते. लेखकाला मजकुराचा आशय आधीपासून ठाऊक असतो, आणि वाचताना तो कागदावरील अक्षरांपेक्षा मनातील आशयच अधिक वाचतो. त्यामुळे केवळ अधिक लक्ष देऊन ही अडचण पूर्णपणे दूर होत नाही. मजकूर लेखकाला परका वाटेल अशी व्यवस्था करावी लागते किंवा तो दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यावा लागतो.

संज्ञा आणि व्याप्ती

मुद्रितशोधन ही संज्ञा छापखान्यातील कामावरून आली. जुळवलेल्या मजकुराचा कच्चा छाप, म्हणजे मुद्रित किंवा प्रूफ, मूळ हस्तलिखिताशी ताडून पाहणे हे मुद्रितशोधकाचे काम. बोलीत त्याला प्रूफ वाचणे किंवा प्रूफ तपासणे असेही म्हणतात. संपादन हे त्याहून व्यापक काम आहे. त्यात मजकुराची रचना, युक्तिवाद, भाषाशैली, तपशिलांची अचूकता आणि काटछाट यांचा विचार होतो.

मुद्रितशोधनाच्या पारंपरिक पद्धतीत शोधकाजवळ ताडून पाहण्यासाठी मूळ प्रत असते. स्वतःचे लेखन तपासणाऱ्यापाशी अशी वेगळी प्रत नसते. त्याची मूळ प्रत म्हणजे त्याची स्मृती आणि त्याचा हेतू. कागदावरील मजकूर या अदृश्य प्रतीपासून जेथे ढळला असेल तेथे त्याने थांबणे अपेक्षित असते, परंतु ती मनातील प्रतच डोळ्यांसमोरच्या मजकुरातील उणीव भरून काढते.

कारणे

वाचताना डोळे ओळीवरून सलग सरकत नाहीत. ते एका ठिकाणी साधारण पाव सेकंद थांबतात आणि नंतर पुढे उडी घेतात. वाचक प्रत्येक अक्षरावर नजर स्थिर करत नाही. परिचित, छोटे आणि संदर्भावरून आधीच ओळखता येणारे शब्द अनेकदा थेट नजर न टाकताच ओलांडले जातात. पुढे काय येणार याचा अंदाज जितका पक्का, तितकी प्रत्यक्ष अक्षरांची गरज कमी. स्वतः लिहिलेल्या वाक्यात पुढे काय येणार हे लेखकाला सर्वांत चांगले माहीत असते. म्हणून ज्या मजकुरात अक्षरे नीट पाहण्याची गरज आहे, तेथेच ती सर्वांत कमी पाहिली जातात.

दुसरे कारण लक्षाच्या विभागणीचे आहे. लेखक आपला मजकूर पुन्हा वाचतो तेव्हा त्याचे मन युक्तिवाद पटतो का, शब्द योग्य आहे का, परिच्छेद लांबला का, अशा प्रश्नांत गुंतते. आशय तपासणे आणि अक्षरे तपासणे ही दोन वेगळी कामे आहेत. ती एकाच वाचनात करू गेल्यास आशयाकडे लक्ष वेधले जाते व अक्षरे मागे पडतात.

तिसरे कारण चुकांच्या स्वरूपात आहे. काही चुका लक्ष चुकल्यामुळे होतात, तर काही माहितीच्या अभावामुळे. लेखकाला एखाद्या शब्दाचे चुकीचे रूपच योग्य वाटत असेल, तर तो मजकूर कितीही वेळा आणि कितीही सावकाश वाचला तरी ते रूप त्याला खटकणार नाही. या दुसऱ्या प्रकारच्या चुका केवळ पुनर्वाचनाने सापडू शकत नाहीत. त्यासाठी शब्दकोश, नियमावली किंवा दुसरा वाचक आवश्यक ठरतो.

संशोधन

वाचक नसलेली अक्षरे पाहतो, ही गोष्ट प्रायोगिक मानसशास्त्राच्या आरंभकाळातच नोंदवली गेली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वॉल्टर पिल्सबरी यांनी १८९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, अक्षर गाळलेले, बदललेले किंवा पुसट केलेले शब्द क्षणभर दाखवण्यात आले. पाहणाऱ्यांनी अनेकदा शब्द पूर्ण व शुद्ध असल्याचे सांगितले. गाळलेले अक्षर आपण स्पष्ट पाहिल्याचेही काहींनी सांगितले.

ॲलिस हीली यांनी १९७६ मध्ये अक्षरशोधाचा प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी उताऱ्यातील एक ठरावीक अक्षर जेथे येईल तेथे खूण करण्यास वाचकांना सांगितले असता, अतिपरिचित अशा ‘द’ या उपपदातील ते अक्षर इतर शब्दांच्या तुलनेत अधिक वेळा सुटले. परिचित शब्द एकसंध आकार म्हणून ओळखला जातो आणि त्यातील सुटी अक्षरे नजरेआड होतात, असा त्याचा अर्थ लावला गेला.

मजकुराच्या परिचयाचा परिणाम मात्र एकसारखा नाही. बेटी ॲन लेव्ही यांच्या १९८३ मधील अभ्यासात, आधी वाचलेल्या परक्या मजकुरातील चुका वाचकांना अधिक चांगल्या सापडल्या. आशय समजून घेण्याचा भार हलका झाल्याने अक्षरांकडे लक्ष देता येते, असे त्याचे स्पष्टीकरण देता येते. याउलट मेरेडिथ डॅनमन आणि मरी स्टेन्टन यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्वतः लिहिलेल्या मजकुरातील चुका शोधणे अधिक अवघड असल्याचे आढळले, आणि लेखन व तपासणी यांत काळाचे अंतर पडल्यावर ही अडचण कमी झाली. परिचय होणे आणि स्वतः निर्मिती करणे यांतील हा फरक या विषयात महत्त्वाचा आहे. मजकूर माहीत असणे शोधकाला उपकारक ठरू शकते, पण तो स्वतःच्या मनातून आलेला असणे त्याला अडथळा ठरते.

चुकांचे प्रकार

स्वतःच्या लेखनात विशेषतः पुढील प्रकारच्या चुका शिल्लक राहतात.

गळालेले व दुबार शब्द. नकारार्थी शब्द गळाल्यास वाक्याचा अर्थ उलटा होतो, तरीही लेखकाला नकार मनात ठाऊक असल्याने वाक्य बरोबर वाटते. ओळीच्या शेवटी आलेला शब्द पुढच्या ओळीच्या आरंभी पुन्हा येणे हीदेखील नेहमीची चूक आहे.

अर्थपूर्ण पण चुकीचे शब्द. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ बदलल्याने दुसराच खरा शब्द तयार होतो. दिन म्हणजे दिवस, तर दीन म्हणजे गरीब. सुत म्हणजे मुलगा, तर सूत म्हणजे धागा. पाणि म्हणजे हात, तर पाणी म्हणजे जल. ‘आचार्यांना’ हे आचार्य या शब्दाचे रूप आहे आणि ‘आचाऱ्यांना’ हे आचारी या शब्दाचे. शब्द कोशात असल्यामुळे संगणकीय शुद्धलेखन तपासनीसाला अशी चूक बहुधा सापडत नाही.

अर्धवट दुरुस्ती. ही स्वसंपादनातूनच निर्माण होणारी चूक आहे. ‘समितीने ठराव मंजूर केला’ या वाक्यातील ‘ठराव’ काढून लेखक ‘सूचना’ हा शब्द घालतो आणि क्रियापद तसेच ठेवतो. परिणामी ‘समितीने सूचना मंजूर केला’ असे वाक्य तयार होते. मराठीत विशेषण व क्रियापद नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलत असल्याने एक नाम बदलले की वाक्यातील आणखी दोन-तीन ठिकाणी बदल करावा लागतो. जुने आणि नवे अशी दोन्ही वाक्ये लेखकाच्या मनात एकाच वेळी असतात, म्हणून ही विसंगती त्याच्या लक्षात येत नाही.

विसंगत तपशील. एकच विशेषनाम दोन प्रकारे लिहिणे, मजकुरातील आकडा व तक्त्यातील आकडा न जुळणे, ‘पुढील चार मुद्दे’ असे म्हणून तीनच मुद्दे देणे, या चुका लांब मजकुरात दूरदूरच्या पानांवर विखुरलेल्या असतात.

संपादनातील अडचण

शब्दपातळीवरील अडचण आशयाच्या पातळीवरही दिसते. लेखकाला विषय ठाऊक असतो, म्हणून वाचकाला कोणती माहिती नाही याचा अंदाज त्याला येत नाही. युक्तिवादातील गाळलेली पायरी, न समजावलेली संज्ञा किंवा ‘तो’, ‘ते’, ‘त्यामुळे’ यांचा अस्पष्ट संदर्भ त्याला जाणवत नाही. अर्थशास्त्रज्ञ कॉलिन कॅमेरर, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि मार्टिन वेबर यांनी १९८९ मध्ये अशा प्रवृत्तीसाठी ‘ज्ञानाचा शाप’ ही संज्ञा वापरली. स्टीव्हन पिंकर यांनी २०१४ मधील ‘द सेन्स ऑफ स्टाइल’ या लेखनविषयक पुस्तकात दुर्बोध गद्याचे प्रमुख कारण म्हणून तिची चर्चा केली आहे.

एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्रबंधासाठी केलेला प्रयोग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. काहींनी परिचित गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि इतरांनी गाणे ओळखायचे, असे त्याचे स्वरूप होते. वाजवणाऱ्यांच्या अंदाजाने निम्मी गाणी ओळखली जायला हवी होती. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या मनात संपूर्ण चाल चालू होती, ऐकणाऱ्याला मात्र फक्त टकटक ऐकू येत होती. आपला मसुदा वाचणाऱ्या लेखकाची स्थिती वाजवणाऱ्यासारखी असते.

याशिवाय मेहनतीने लिहिलेल्या मजकुराविषयी ममत्व असते. अनावश्यक परिच्छेद काढून टाकणे लेखकाला जड जाते, कारण त्यामागील श्रम त्याला आठवतात. वाचकाला ते श्रम माहीत नसतात.

इतिहास

ही अडचण मुद्रणकलेहून जुनी आहे. रोमन कवी होरेस याने काव्यविषयक पत्रात लेखन नवव्या वर्षापर्यंत बाजूला ठेवण्याचा सल्ला दिला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियन याने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागात लेखनाच्या दुरुस्तीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. मजकूर काही काळ दूर ठेवून नंतर तो नवा आणि दुसऱ्याचा असल्यासारखा पाहणे ही दुरुस्तीची सर्वोत्तम पद्धत होय, असे त्याचे मत होते. आपले ताजे लेखन नवजात अपत्यासारखे मोह घालते, हेही त्याने नोंदवले.

भारतातील हस्तलिखितांत गळालेला मजकूर समासात लिहून त्याची जागा दाखवण्यासाठी हंसपद किंवा काकपद ही खूण वापरली जाई. अनेक पोथ्यांच्या अखेरीस, जशी प्रत पाहिली तशी उतरवली, शुद्ध-अशुद्धाचा दोष आपल्याला देऊ नये, अशा आशयाची लेखनिकाची विनंती आढळते. मराठीत संहिताशुद्धीचे प्रसिद्ध उदाहरण संत एकनाथांचे आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली.

युरोपात मुद्रणाबरोबर मुद्रितशोधक हा स्वतंत्र व्यवसाय उदयाला आला. लाइपझिग येथे १६०८ मध्ये प्रसिद्ध झालेले हिएरोनिमस होर्नशूख यांचे ‘ऑर्थोटिपोग्राफिया’ हे या व्यवसायावरील पहिले मार्गदर्शक पुस्तक मानले जाते. त्यात मुद्रितशोधकांप्रमाणेच लेखकांनाही सूचना केलेल्या आहेत.

लेखकाच्या हाती मुद्रित आल्यावर तो ते तपासण्याऐवजी पुन्हा लिहू लागतो, याची उदाहरणे साहित्याच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत. फ्रेंच कादंबरीकार बाल्झाक मुद्रितांवर इतक्या दुरुस्त्या करी, की त्यांचा खर्च त्याला स्वतःच्या मानधनातून सोसावा लागे. जेम्स जॉइस यांची ‘युलिसिस’ ही कादंबरी पॅरिसमधील पुस्तकविक्रेत्या सिल्व्हिया बीच यांनी २ फेब्रुवारी १९२२ रोजी प्रकाशित केली. तिची छपाई दीजों येथील मॉरिस दारांतिएर यांच्या छापखान्यात फ्रेंच भाषक जुळारींनी केली. जॉइस यांनी मुद्रितांवर सतत नवा मजकूर वाढवला आणि त्याच काळात ते डोळ्यांच्या विकारानेही त्रस्त होते. पहिल्या आवृत्तीतच मुद्रणदोषांबद्दल दिलगिरीची टीप छापावी लागली. हान्स वॉल्टर गाब्लर यांच्या १९८४ मधील चिकित्सक आवृत्तीत सुमारे ५,००० दुरुस्त्या केल्याचे सांगण्यात आले. त्यांतील अनेक दुरुस्त्यांवर जॉन किड यांनी आक्षेप घेतले. लेखकाने मुद्रितावरच लेखन चालू ठेवल्याने पुढे चूक कोणती आणि हेतुपुरस्सर केलेला बदल कोणता हे ठरवणेही वादाचे झाले.

मराठी मुद्रणव्यवहार

एकोणिसाव्या शतकात मुंबईतील निर्णयसागर छापखान्याने शुद्ध छपाईसाठी लौकिक मिळवला. काशिनाथ पांडुरंग परब, वासुदेव लक्ष्मण शास्त्री पणशीकर यांच्यासारखे व्युत्पन्न शास्त्री तेथून निघणाऱ्या संस्कृत ग्रंथांचे संशोधन व संपादन करीत. विसाव्या शतकात मौज प्रकाशन आणि ‘सत्यकथा’ मासिक यांच्याशी संबंधित श्री. पु. भागवत व राम पटवर्धन यांची नावे लेखकाशी चर्चा करून हस्तलिखितावर संस्कार करणारे संपादक म्हणून घेतली जातात.

मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे १४ नियम स्वीकारले. १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडून त्यांची संख्या १८ झाली. स्पष्टपणे न उच्चारले जाणारे अनुस्वार या नियमांनुसार गेले आणि नांव, पांच, घरांत (एकवचनी) यांऐवजी नाव, पाच, घरात अशी रूपे रूढ झाली. जुन्या वळणात वाढलेल्या लेखकांना आपल्या मजकुरातील जुनी रूपे खटकत नसत, म्हणून या संक्रमणकाळात मुद्रितशोधकांचे काम अधिक महत्त्वाचे ठरले. नियमांतील काही भेद आजही तपासनिसाची कसोटी पाहतात. उदाहरणार्थ, कवी आणि गुरू या सुट्या शब्दांत अंत्य स्वर दीर्घ असतो, तर कविचरित्र आणि गुरुदक्षिणा या सामासिक शब्दांत तो ऱ्हस्व राहतो. गरीब या शब्दाचे रूप गरिबाला होते, पण शरीर या तत्सम शब्दाचे शरीराला असेच राहते. मो. रा. वाळंबे, यास्मिन शेख आणि अरुण फडके यांची शुद्धलेखनविषयक पुस्तके व कोश यासाठी वापरले जातात.

खिळ्यांच्या जुळणीच्या काळात लेखकाचे हस्तलिखित जुळारी अक्षर-अक्षर वाचून पुन्हा जुळवीत असे. त्यातून नव्या चुका निर्माण होत, पण मजकुरावरून आणखी एक नजरही फिरत असे. त्यानंतर मुद्रितशोधक आणि मूळ प्रत मोठ्याने वाचून दाखवणारा त्याचा साहाय्यक अशा आणखी दोन व्यक्ती तो वाचत. संगणकावर लेखक स्वतःच मजकूर टंकित करू लागल्यावर पुन्हा जुळणी करण्याची गरज राहिली नाही. लेखकाची फाइल थेट पानात बसते. मुद्रितशोधकाची नेमणूक न करता निघणाऱ्या पुस्तकांत, स्मरणिकांत व नियतकालिकांत लेखक, जुळारी आणि शोधक या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे येतात. तंत्रज्ञानामुळे दुरुस्ती करणे सोपे झाले असले, तरी अशा ठिकाणी चूक दिसण्याची शक्यता घटली आहे.

उपाय

काळाचे अंतर. लेखन आणि तपासणी यांत शक्य तितका अवधी ठेवणे हा सर्वांत जुना व सर्वमान्य उपाय आहे. मुदतीच्या कामात एका रात्रीचे अंतरही काही प्रमाणात उपयोगी पडते.

रूप बदलणे. पडद्यावरील मजकूर कागदावर छापणे, टंक किंवा त्याचा आकार बदलणे, ओळीची रुंदी कमी-जास्त करणे यांमुळे ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि मजकूर काहीसा अपरिचित वाटतो.

मोठ्याने वाचणे. गळालेले व दुबार शब्द, अडखळणारी वाक्ये आणि क्रियापदाची विसंगती यांसाठी हा उपाय परिणामकारक आहे. स्वतः वाचताना लेखक नसलेला शब्दही उच्चारू शकतो, म्हणून दुसऱ्याकडून किंवा संगणकीय आवाजाकडून मजकूर वाचून घेणे अधिक विश्वसनीय ठरते. मराठीत बहुतेकांच्या उच्चारात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद काटेकोरपणे पाळला जात नाही, त्यामुळे त्या चुका मात्र ऐकून सापडत नाहीत.

उलट क्रमाने वाचणे. शेवटच्या वाक्यापासून आरंभाकडे येत एकेक वाक्य तपासल्याने आशयाचा ओघ तुटतो आणि लक्ष शब्दांवर टिकते. रचनेतील किंवा युक्तिवादातील दोष या पद्धतीने कळत नाहीत.

स्वतंत्र फेऱ्या. एका फेरीत केवळ विशेषनामे, दुसरीत आकडे व तारखा, तिसरीत शीर्षके व चित्रओळी, अशी विभागणी केली जाते. मोठ्या अक्षरातील शीर्षकाविषयी ते बरोबर असणारच असे गृहीत धरले जाते, म्हणून त्याची वेगळी तपासणी आवश्यक मानली जाते.

चुकांची यादी. आपल्याकडून वारंवार होणाऱ्या चुकांची नोंद ठेवून प्रत्येक मजकुरात त्या संगणकाच्या शोधसुविधेने तपासता येतात.

दुसरा वाचक. विषय न जाणणारा पण भाषा जाणणारा वाचक अक्षरदोष आणि गाळलेल्या पायऱ्या दाखवू शकतो, तर विषय जाणणारा वाचक तपशिलांतील चुका दाखवतो. या दोन्ही गरजा एकच व्यक्ती पूर्ण करेलच असे नाही.

मर्यादा

संगणकीय तपासनीस अर्थहीन अक्षरसमूह चांगल्या प्रकारे शोधतात, परंतु लेखकाचा हेतू त्यांना ठाऊक नसतो. आपोआप होणारी दुरुस्ती कधीकधी बरोबर शब्दाच्या जागी दुसरा शब्द घालते, आणि तो शुद्ध असल्याने अधिक सहजपणे निसटतो.

प्रत्येक दुरुस्ती नव्या चुकीची संधी असते. म्हणून छपाईच्या व्यवहारात दुरुस्त केलेल्या मुद्रिताचे पुन्हा वाचन करण्याची प्रथा आहे. अखेरच्या क्षणी घातलेले वाक्य या वाचनातून सुटल्यास, संपूर्ण पुस्तकातील सर्वांत कमी तपासलेला मजकूर तोच असतो. प्रसिद्धीनंतर आढळलेल्या चुकांसाठी पुस्तकात शुद्धिपत्र जोडण्याची पद्धत आहे. शासकीय अधिसूचनांतील चुका दुरुस्त करण्यासाठीही स्वतंत्र शुद्धिपत्र काढले जाते.

अन्य क्षेत्रांतील समांतर व्यवस्था

स्वतःच्या कामातील चूक स्वतःला दिसत नाही, हे गृहीत धरून काही व्यवसायांनी आपल्या कार्यपद्धती आखल्या आहेत. लेखापरीक्षकांच्या आचारसंहितेत स्वतःच केलेल्या कामाचे परीक्षण करणे हा निःपक्षपातीपणाला असलेला एक धोका मानला जातो. संगणक आज्ञावलीच्या क्षेत्रात जेराल्ड वाइनबर्ग यांनी १९७१ मधील पुस्तकात, आज्ञावली लिहिणाऱ्याने तिच्याविषयी अहंभाव न ठेवता ती सहकाऱ्यांना तपासू द्यावी, असा विचार मांडला. आयबीएम कंपनीतील मायकेल फेगन यांनी १९७६ मध्ये सामूहिक तपासणीची औपचारिक पद्धत प्रसिद्ध केली. वैज्ञानिक नियतकालिकांतील समकक्ष परीक्षण हीदेखील अशीच व्यवस्था आहे. या सर्वांत तपासणीचे काम लेखकाच्या योग्यतेवर संशय म्हणून नव्हे, तर कामाचा नेहमीचा टप्पा म्हणून दुसऱ्याकडे सोपवले जाते.

हेही पहा

मुद्रितशोधन
संपादन
मराठी शुद्धलेखन
शुद्धिपत्र
विरामचिन्हे
पाठचिकित्सा